रियाजाचे तास मोजू नका

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मुलुंड किंवा बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीचा जिना चढून पाहावा. एका दारामागे तबल्यावर तोच कायदा विसाव्यांदा चालू असतो, दुसऱ्या दारामागे पेटीवर यमनचे आरोह-अवरोह, वरच्या मजल्यावर कीबोर्ड. आणि यातल्या बहुतेक घरांत स्वयंपाकघरातून येणारा प्रश्न सारखाच असतो : ‘झाला का तुझा एक तास?’

मूल ‘हो’ म्हणते आणि ते खोटेही नसते. तासभर ते वाद्यासमोर बसलेले असते, हात चालू असतात, आवाज येत असतो. पण त्या तासातला किती वेळ मन वाद्यावर होते? उद्याची युनिट टेस्ट, खाली अंगणात रंगलेले क्रिकेट, मैत्रिणीने न दिलेले उत्तर अशा सगळ्या ठिकाणी ते फिरून आलेले असते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. त्या जवळ आल्या की तासाचे दोन तास होतात, पण मनाचा प्रश्न कोणी विचारत नाही. मग कधीतरी ‘याचे लक्षच नसते’ असे निदान होते, मुलाला स्वतःबद्दल तसेच वाटू लागते आणि प्रवेशिकेच्या टप्प्यावरच वाद्याला खोळ चढते.

माझे म्हणणे सरळ आहे. मन भरकटणे हा रियाजातला गुन्हा नाही, तो मेंदूचा स्वभाव आहे. गफलत आहे ती आपल्या मोजमापात. आपण मिनिटे मोजतो. मोजायला हवे ते मन भरकटल्याचे किती लवकर कळते आणि ते किती वेळा परत आणले जाते, हे.

आधी मेंदूच्या स्वभावाबद्दल. हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 2,250 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारले जाई : आत्ता काय करता आहात, आणि मन त्यातच आहे की दुसरीकडे? उत्तरांपैकी जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते. म्हणजे शहाणीसुरती, मोठी माणसेसुद्धा जागेपणीचा जवळपास निम्मा वेळ दुसरीकडेच असतात. त्यांच्याच मुलांनी पेटीवर बसून तासभर स्थितप्रज्ञ राहावे, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. अमेरिकेतील मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की आपण काही विशेष करत नसतो, तेव्हा मेंदू बंद पडत नाही. उलट त्यातले काही ठरावीक भाग तेव्हाच अधिक सक्रिय होतात. कालच्या आठवणी, उद्याचे बेत, लोक आपल्याबद्दल काय म्हणतील याची काळजी, हे सगळे या जाळ्याच्या कामाशी जोडले गेले आहे. समोरच्या कामाला मेंदूची पूर्ण गरज नाही असे दिसले की हे जाळे लगेच पुढे सरसावते.

वाद्याच्या सरावात नेमके हेच घडते. एखादा बोल किंवा अलंकार पहिल्यांदा शिकताना मन हलत नाही, कारण प्रत्येक बोट कुठे जाणार हे ठरवावे लागते. शंभर वेळा वाजवल्यावर हात तो स्वतःच वाजवू लागतो. हे व्हायलाच हवे. हात मोकळे झाल्याशिवाय संगीत सुरूच होत नाही. पण हात मोकळे झाले की मनही मोकळे होते आणि भटकायला निघते. सापळा इथेच आहे : वाजवणे चालू राहते, म्हणून भरकटल्याचे कळत नाही. पुस्तक वाचताना मन सुटले तर पान संपल्यावर ‘काय वाचले?’ असे आपण स्वतःलाच विचारतो. वाद्यावर तसा खुणेचा दगड नसेल, तर वीस मिनिटे अशीच निघून जातात. शिवाय त्या वीस मिनिटांत ‘तिरकिट’मधले एक अक्षर दबत असेल, तर ते दबलेलेच पक्के होते. हात चुकीही तितक्याच निष्ठेने शिकतात. याला आपल्याकडे चपखल शब्द आहे : पाट्या टाकणे.

मग तासांचे काय? दहा हजार तासांचा मंत्र बहुतेक पालकांनी ऐकलेला असतो. त्याचे मूळ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या 1993 च्या अभ्यासात आहे. उत्तम विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजारांहून अधिक तास एकट्याने सराव केला होता. 2008 मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकाने त्याचा नियम करून टाकला. एरिक्सन यांनी पुढे स्पष्ट केले की ती सरासरी होती, उंबरठा नव्हे. पण आपल्या कामाची गोष्ट मूळ अभ्यासातच होती आणि ती मागे पडली. ते उत्तम विद्यार्थी सलग बसत नव्हते. साधारण दीड तासाच्या आत बैठक संपवून विश्रांती घेत, आणि दुपारी चक्क झोपतही. ही होती वीस-बावीस वर्षांची, पुढे व्यावसायिक कलाकार होऊ पाहणारी मुले. दहा वर्षांच्या मुलाला आपण एका दमात एक तास बसवतो.

तास निरर्थक आहेत असे मात्र नाही. 2019 मध्ये ब्रुक मॅक्नमारा आणि मेघा मैत्रा यांनी हाच अभ्यास नव्या व्हायोलिनवादकांवर करून पाहिला. सर्वांत मागे असलेल्यांनी विसाव्या वर्षापर्यंत सुमारे सहा हजार तास केले होते. ‘चांगले’ आणि ‘उत्कृष्ट’ या दोन्ही गटांनी मात्र जवळपास सारखेच, अकरा हजारांच्या घरात. म्हणजे तास एका पायरीपर्यंत नेतात. पुढची पायरी केवळ तासांनी चढता येत नाही.

टेक्सास विद्यापीठातील रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा अभ्यास इथे फार बोलका आहे. पियानोच्या 17 विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या रचनेतला एक अवघड तुकडा दिला आणि समाधान होईपर्यंत सराव करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सर्वांकडून तो वाजवून घेतला. कोण किती वेळ बसला, किती वेळा वाजवला, याचा दर्जाशी संबंध दिसला नाही. पुढे असलेल्यांचे वेगळेपण चूक हाताळण्यात होते. चुका त्यांच्याही होत. पण चूक झाली की ते थांबत, ती नेमकी कुठे आणि का झाली ते शोधत, तेवढीच जागा लय कमी करून घेत आणि ती नीट बसेपर्यंत पुढे जात नसत. यासाठी काय लागते? चूक झाली त्या क्षणी मन जागेवर असणे. बाकीचे सगळे त्यानंतर येते.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, आमच्या उस्तादांनी आणि पंडितांनी बारा-बारा तास रियाज केला, चाळीस दिवसांचे चिल्ले केले, त्यांना कुठे कोणी विश्रांती दिली? आक्षेप रास्त आहे. पण त्या रियाजाचे नियम काय होते तेही पाहायला हवे. शिष्य गुरूच्या घरात राहत असे. तो आतल्या खोलीत वाजवत असला तरी बाहेर एक कान जागा असे, आणि बोल घसरला की हाक येई. मन भरकटल्याचे शिष्याच्या आधी गुरूला कळे. आजचे उपनगरातले मूल आठवड्यातून एक-दोनदा क्लासला जाते आणि उरलेले दिवस लेहऱ्याच्या अ‍ॅपबरोबर एकटे बसते. अ‍ॅप लय सोडत नाही, पण हाकही मारत नाही. जुने तास उसने घेताना तो जागा कान आपण मागेच ठेवून आलो.

दुसरी गोष्ट अशी की मन परत आणण्याची साधने आपल्या परंपरेत आधीपासूनच आहेत, आपण ती त्या नजरेने पाहत नाही एवढेच. सर्वांत मोठे साधन म्हणजे सम. तीनतालाच्या सोळा मात्रा. मिनिटाला ऐंशी मात्रांची मध्य लय धरली तर एक आवर्तन बारा सेकंदांत पूर्ण होते. म्हणजे दर बारा सेकंदांनी ताल विचारतो, ‘आहेस ना?’ सम चुकली तर उत्तर मिळाले. मधली नवव्या मात्रेवरची खाली ही आणखी एक खूण. मन भरकटल्याचे बारा सेकंदांत सांगणारी यंत्रणा शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत मुद्दाम उभारावी लागते. आपल्याकडे ती मुलाच्या मांडीवर असते.

दुसरे साधन पलटा. कायद्यातलेच बोल घेऊन त्यांची मांडणी बदलत जायची, पण चौकट मोडायची नाही. म्हणजे तेच वाजवायचे, तरी तेच नाही. निव्वळ पुनरावृत्तीत मन निसटते. पुनरावृत्तीत थोडा बदल केला की त्याला परत यावे लागते. मूल एकच कायदा वीस वेळा घोटत असेल, तर त्याला ‘अजून वीस वेळा’ म्हणण्याऐवजी ‘आता यातला तिसरा पलटा खालीपासून म्हणून दाखव’ असे सांगून पाहावे. चेहऱ्यावरूनच फरक कळतो.

तिसरे साधन पढंत. झाकिर हुसेन यांनी अनेक मुलाखतींतून सांगितले होते की ते सात वर्षांचे असल्यापासून वडील, उस्ताद अल्लारखाँ, त्यांना पहाटे तीनला उठवत आणि शाळेपूर्वी काही तास शिकवत. त्या वेळात तबला वाजत नसे, बोल म्हटले जात. हे माहीमच्या घरातले. पहाटे उठण्याचे अनुकरण करू नका, वाढत्या वयाला झोप हवी. पण वाद्याशिवायचा रियाज ही गोष्ट उचलण्यासारखी आहे. हात स्वयंचलित होऊ शकतात. हाताने टाळी-खाली दाखवत तोंडाने बोल म्हणताना मनाला निसटणे अवघड जाते, आणि निसटले तर जीभ लगेच अडखळते. शिवाय पढंतीला जागा लागत नाही, शेजाऱ्यांना त्रास होत नाही आणि ती बोरिवली लोकलच्या खिडकीतही करता येते.

जागेचा आणि आवाजाचा प्रश्न उपनगरात खरा आहे. जुहूला पं. निखिल घोष यांनी 1956 मध्ये स्थापन केलेल्या संगीत महाभारतीसारख्या संस्था आहेत, पं. हरिप्रसाद चौरसियांचे वृंदावन गुरुकुल आहे. तिथे रियाजाला रियाजाची जागा मिळते. घरी मात्र हॉलमध्येच टीव्ही, तिथेच अभ्यास आणि तिथेच वाद्य. खिडकीबाहेर लालबहादूर शास्त्री मार्ग, अंधेरीत वरून विमाने, घाटकोपरला मेट्रो. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. ती पाळली जाते असे या रस्त्यांवर राहणारा कोणी म्हणणार नाही. अशा घरात ‘एकाग्र हो’ असा हुकूम देणे सोपे आहे. पंधरा मिनिटे टीव्ही बंद ठेवणे त्याहून अवघड आहे, आणि ते मुलाने नव्हे, घराने करायचे आहे.

फोनचेही तसेच. तानपुरा, लेहरा, मेट्रोनोम सगळे त्याच डब्यात आणि संदेशही त्यातच. एड्रियन वॉर्ड यांच्या 2017 च्या प्रयोगांत फोन बंद असला तरी नुसता समोर असल्याने लक्षाची ताकद घटते असे दिसले होते. नंतरच्या सर्व अभ्यासांत ते तितके ठळक आढळलेले नाही. पण वाजणारा संदेश मन पळवतो, हे सांगायला प्रयोगशाळा नको. लेहरा लावायचा तर फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवून पालथा घालावा. जुने इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचे खोके घरात असेल तर फारच उत्तम.

आता प्रत्यक्ष काय करायचे? एका तासाचे तीन किंवा चार भाग करावेत, प्रत्येक भाग बारा ते पंधरा मिनिटांचा. प्रत्येक भागाआधी एकच गोष्ट ठरवावी आणि ती मोठ्याने म्हणावी : ‘आज गंधार स्थिर लावायचा’, ‘तिहाई समेवर आणायची’. ‘रियाज करायचा’ हे उद्दिष्ट नव्हे. भागांचे विषय आलटून-पालटून घ्यावेत. क्रिस्टीन कार्टर आणि जेसिका ग्राहन यांनी 2016 मध्ये दहा क्लॅरिनेटवादकांवर केलेल्या प्रयोगात एकच रचना सलग बारा मिनिटे घोटण्याची तुलना तीन-तीन मिनिटांच्या आलटून-पालटून सरावाशी केली. दुसऱ्या पद्धतीकडे कल झुकला. अभ्यास छोटा आहे, पण करून पाहायला काही लागत नाही.

मधली विश्रांती वाया जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील प्रयोगात 27 जणांनी बोटांनी आकड्यांची एक मालिका दहा सेकंद टंकायची आणि दहा सेकंद थांबायचे, असा क्रम केला. सुरुवातीची बरीचशी सुधारणा थांबण्याच्या त्या दहा सेकंदांनंतर दिसत होती. 2019 च्या या निष्कर्षावर वाद आहे. ही सुधारणा शिकण्याची की फक्त थकवा उतरल्याची, हे ठरायचे आहे. झोपेबद्दलचा पुरावा अधिक जुना आहे. मॅथ्यू वॉकर यांच्या 2002 च्या प्रयोगात अशीच बोटांची मालिका शिकलेल्यांचा वेग एका रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये सराव न करता, सुमारे 20 टक्के वाढला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री बारापर्यंत बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणि मन भरकटलेच तर? ते भरकटणारच. वेंडी हॅसेनकँप यांनी 2012 मध्ये 14 ध्यानसाधकांच्या मेंदूचे चित्रण करताना त्यांना एकच सूचना दिली होती : मन भरकटल्याचे लक्षात आले की बटण दाबा. त्यातून चार पायऱ्या समोर आल्या : भरकटणे, लक्षात येणे, परतणे, स्थिरावणे. मुरलेले साधकही या चक्रातूनच जात होते. पेटीवरच्या मुलालाही हेच शिकवता येईल. लक्षात आले की थांबायचे, वहीत एक रेघ ओढायची, समेपासून पुन्हा सुरू करायचे. रेघा जास्त झाल्या म्हणून रागवायचे नाही. पहिल्या आठवड्यात त्या वाढल्या तर ते चांगले लक्षण समजावे, कारण आधी भरकटणे होते, ते दिसत नव्हते.

आरोग्याच्या बाजूने दोन इशारे द्यायला हवेत. मन नसताना केलेल्या लांब सरावात शरीराची तक्रारही ऐकू येत नाही. मनगट, अंगठा, मान दुखत असताना वाजवत राहणे धोक्याचे आहे. दुखणे दोन-चार दिवसांत जात नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. व्यावसायिक वादकांपैकी साधारण एक टक्क्याला ‘फोकल डिस्टोनिया’ हा विकार होतो. त्यात वेदना नसते, पण वाजवताना बोटे ऐकेनाशी होतात. अतिसराव हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

दुसरा इशारा : रियाजात मन भरकटते म्हणून मुलाला ‘एडीएचडी’चा शिक्का मारू नये. त्या निदानासाठी लक्षणे किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आणि बारा वर्षांच्या वयाआधीपासून दिसावी लागतात. तसे असेल तर तज्ज्ञांकडे जाण्यात संकोच नको. फक्त तबल्यापुरतेच लक्ष उडत असेल, तर आधी तबल्याचा तास बदलून पाहावा.

हे मुलांपुरते नाही. निवृत्तीनंतर पेटी किंवा बासरी शिकणारे कितीतरी जण मुलुंड-बोरिवलीत आहेत. ‘या वयात लक्ष लागत नाही’ अशी त्यांची तक्रार असते. लक्ष विशीतही लागत नव्हते, तेव्हा कोणी रेघा ओढल्या नव्हत्या एवढेच. आणि ज्यांना केवळ आनंदासाठी वाजवायचे आहे, त्यांनी एखाद्या संध्याकाळी पेटीवर हात ठेवून मन खुशाल भटकू द्यावे. तो विरंगुळा आहे आणि त्याला त्याची जागा आहे. फक्त त्याला रियाज म्हणू नये.

पालकांसाठी एक छोटा बदल पुरेसा आहे. ‘झाला का तुझा एक तास?’ याऐवजी विचारावे, ‘आज कुठे अडलास?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर घड्याळ पाहून देता येते. दुसऱ्याचे उत्तर ज्याने स्वतःला ऐकले असेल त्यालाच देता येते. मूल सुरुवातीला गप्प बसेल. आठ-दहा दिवसांनी ‘तिहाई अर्ध्या मात्रेने आधी येते’ असे सांगू लागेल. त्या दिवशी तो वीसच मिनिटे बसला असेल, तरी रियाज झाला असे समजावे.